मोठ्यांचं बेट

लग्नाच्या वाढदिवसाला मुलीने मालदीवमधल्या एका बेटावरचं आरक्षण आमच्या हातात ठेवलं. त्या कागदावर एक अट ठळक अक्षरांत होती: अठरा वर्षांखालील पाहुण्यांना प्रवेश नाही. हिने ती दोनदा वाचली. हिची सगळी नोकरी नाशिकच्या एका प्राथमिक शाळेत गेलेली. पोरांना मज्जाव असलेली जागा हिच्या कल्पनेतच बसेना.

"म्हणजे तिथे चालतं तरी काय?"

"काही चालत नाही गं आई," मुलगी म्हणाली. "फक्त पोरं रडत नाहीत. त्याचेच पैसे."

मी जन्मभर पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा होता. जिथे नदी नाही, ओढा नाही, टेकडीसुद्धा नाही, तिथे खोलीखोलीला पोहण्याचा स्वतंत्र तलाव हे लोक कुठल्या पाण्यावर देतात? पण तो मी मनातच ठेवला. "सुट्टीत तरी पाईपलाईन काढू नका," असं मला निघायच्या आधीच बजावण्यात आलं होतं. पाण्यातले विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजायचं खिशातलं मीटर मात्र मी शेव्हिंगच्या डब्यात टाकलं. ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

सोसायटीत मतं वेगळीच होती. २०२४ च्या जानेवारीत मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वावगं लिहिलं आणि बहिष्काराची लाट उठली. आदल्या वर्षी मालदीवच्या परदेशी पाहुण्यांत पहिल्या क्रमांकावर असलेले भारतीय त्या वर्षी बरेच खाली घसरले. तो राग आमच्याकडे अजून शिल्लक होता. "लक्षद्वीप सोडून तिकडे कशाला?" असं विचारणाऱ्यांपैकी एकानेही लक्षद्वीपच्या परवान्यासाठी अर्ज केलेला नव्हता, हे मी नम्रपणे विचारून घेतलं.

मालदीव हा मुस्लिम देश. दारू, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती बाहेरून आणायला बंदी. पहिल्या दोन गोष्टींचा आमच्याशी संबंध नव्हता. तिसरीमुळे हिच्या पर्समध्ये कायम असणारा बोटभर बाळकृष्ण मुलीच्या देव्हाऱ्यात मुक्कामाला गेला. "त्याचंही वय अठराच्या खालीच आहे," मी म्हणालो. हिला ते आवडलं नाही.

मुंबईहून माले तीन तासांच्या आत. विमान उतरताना दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसतं. हुलहुले नावाचं हे अख्खं बेट म्हणजेच विमानतळ. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री याच धावपट्टीवर आग्र्याहून निघालेले आपले छत्रीधारी सैनिक उतरले आणि भाडोत्री बंडखोरांनी मालेत केलेला उठाव त्यांनी मोडून काढला. 'ऑपरेशन कॅक्टस'च्या बातम्या मी तेव्हा तालुक्याच्या गावी रेडिओवर ऐकल्या होत्या. आता त्याच धावपट्टीच्या कडेला नवविवाहितांच्या नावाच्या पाट्या घेऊन पोरं उभी होती.

पुढचा प्रवास सी-प्लेनचा. ट्विन ऑटर जातीचं, पंधरा-एक माणसांचं विमान. चाकांच्या जागी दोन लांबट तराफे. सामानाला माणशी वीस किलोची मर्यादा, आणि वजनकाट्यावर हिच्या चिवड्याने व चकल्यांनी ती ओलांडली. जादा किलोचे डॉलर भरताना मी चकलीचा नगाला भाव काढला आणि तो हिला सांगितला नाही. वैमानिक अनवाणी होते. एकाने अंगठ्याने पेडल दाबलं, समोरच्या काचेवर पाण्याचे फवारे उडाले आणि क्षणात आम्ही लाटांवरून सुटलो. आवाज इतका, की कानात घालायला बोळे देतात.

ही विमानं फक्त उजेडात उडतात. दुपार टळल्यावर मालेत उतरणाऱ्याला रात्र तिथेच काढावी लागते. पण उजेडाचा फायदा असा, की अर्ध्या-पाऊण तासात जे दिसतं ते कुठल्या नकाशातून समजणार नाही. आधी राजधानी दिसते, खच्चून भरलेली, काठापर्यंत इमारती. तिच्या पश्चिमेला थिलाफुशी, म्हणजे १९९० च्या दशकापासून कचऱ्याची भर टाकून वाढवलेलं बेट. त्यानंतर शहर संपतं आणि निळ्या पाण्यात फिक्या हिरव्या रंगाची कडी सुरू होतात. ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत जातो, त्याच्या काठाने प्रवाळाची भिंत वाढत राहते, डोंगर बुडतो आणि कडं तेवढं उरतं, ही उपपत्ती डार्विनने १८४२ च्या पुस्तकात मांडली. मालदीवमध्ये अशी २६ कडी, त्यांवर सुमारे १,२०० बेटं, आणि त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर गावं. समुद्रापासून उंची सरासरी दीड मीटर. पाण्याच्या खात्यातल्या माणसाला दीड मीटर म्हणजे हेडच नाही, पाणी ढकलणारी उंचीच नाही. एवढ्यात साधी टाकीसुद्धा नीट वाहत नाही.

आमचं बेट बा अ‍ॅटोलमध्ये होतं. चालत फेरी मारायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात एवढं. धक्क्यावर गार टॉवेल, शहाळं आणि पहिली सूचना: घड्याळ एक तास पुढे करा. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, म्हणून विमानतळावर मी ते मागे घेतलं होतं. आता बेटाची वेळ मालेच्या एक तास पुढे. म्हणजे नाशिकच्या अर्धा तास पुढे. "सरकारी आदेश आहे का?" मी विचारलं. नाही, बेटाचा आपला निर्णय. पाहुण्यांना सूर्य उशिरा मावळलेला हवा असतो, आणि त्या प्रदेशातल्या बऱ्याच रिसॉर्टांनी तो तसा मावळवून ठेवलेला आहे.

तिथेच मला या जागेचा उलगडा झाला. हे हॉटेल नाही, हे संस्थान आहे. मालदीवमध्ये नियमच असा: बेट एक, रिसॉर्ट एक. दारू गावात निषिद्ध, इथे चालते. देशाचं चलन रुफिया, इथला हिशोब डॉलरमध्ये. देशाचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस शुक्रवार, इथे वार विचारायला कुणी नाही. वीज आपली, पाणी आपलं, घड्याळही आपलं. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये मालेजवळच्या एका निर्मनुष्य बेटावर कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं, तेव्हा प्रवाळाच्या दगडांच्या खोल्या होत्या, वर झावळ्या होत्या आणि अंघोळीला जमिनीतलं मचूळ पाणी. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी येऊन सांगितलं होतं, की या देशात पर्यटन होणे नाही. आज देश त्यावरच चालतो. सल्लागारांचे अहवाल मी सेवेत बरेच वाचले, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

आमची खोली पाण्यावर होती. खांबांवरच्या लाकडी पुलाने जायचं, शेवटून तिसरी. आत शिरल्यावर हिने आधी पलंगावरच्या फुलांच्या पाकळ्या गोळा करून वाटीत ठेवल्या, कारण त्या अंगाखाली चुरगळणं तिला पटेना. न्हाणीघराच्या फरशीत काच होती आणि काचेखाली मासे. मी नळ सोडला, मीटर बुडवलं. टीडीएस दोनशेच्या आत. बाहेर बाल्कनीसमोर मेजावर मांडावं तसं पाणी पसरलेलं, पस्तीस हजार टीडीएसचं.

आता बाकीच्या मोठ्यांबद्दल. निम्मे मधुचंद्राचे, त्यांना इतरांकडे बघायला सवड नव्हती. उरलेले आमच्या वयाचे किंवा पुढचे: जर्मन, इंग्रज, रशियन. सकाळी जाड पुस्तक घेऊन खुर्चीत बसायचं, सूर्य सरकेल तशी खुर्ची सरकवायची. नाश्त्याच्या वेळी शंभरेक माणसं जेवणघरात असत आणि चमच्यांचा आवाज वेगळा ऐकू येई. पहिल्या सकाळी ही म्हणाली, "किती छान वाटतंय ना." पुढच्या सकाळी काहीच म्हणाली नाही. नंतर एकदा कुणाच्या तरी हातून काचेचा पेला पडला, तर हिने झटकन मान वळवली आणि तोंडातून "कुणी पाडलं?" निघून गेलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दचकले.

मला शांततेचा त्रास नव्हता, मला तिच्याखालची घरघर ऐकू येत होती. बेटाच्या मधोमध केतकीचं दाट बन राखलेलं. पायवाटा त्याला वळसा घालून जातात आणि एकाही नकाशात त्या जागेवर काही दाखवलेलं नाही. शेवटी मी स्वागतकक्षात जाऊन सरळ सांगितलं, मी पाणीपुरवठ्यातला निवृत्त अभियंता, मला तुमचा प्लांट बघायचाय. तिथल्या मुलीला आधी वाटलं, मला झाडं बघायची आहेत. मग ती आत गेली आणि तेलकट हाताचा, चाळिशीतला एक मल्याळी अभियंता घेऊन बाहेर आली. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की असा पाहुणा त्याला रोज भेटत नाही.

केतकीमागे अख्खं गाव होतं. आवाजबंद कोठड्यांत डिझेलचे जनरेटर, धुलाईघर, शीतगृह, सुतारशाळा, सांडपाण्याचा प्लांट, नमाजाची जागा, कामगारांची भोजनशाळा, दोरीवर वाळणारे शर्ट. आणि एका शेडमध्ये माझं तीर्थस्थान: उच्च दाबाचा पंप आणि आडव्या रचलेल्या पांढऱ्या नळ्या, ज्यांच्या पोटात रिव्हर्स ऑस्मोसिसचे मेंब्रेन. दाबमापकाचा काटा साठ बारच्या घरात. आमच्या शहरी वाहिन्यांत सहा बार झाले की सांधे बोलायला लागतात. समुद्रातून खेचलेल्या पाण्यापैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गोडं होऊन बाहेर पडतं, उरलेलं जास्त खारट होऊन समुद्रात परत. हजार लिटर गोड्या पाण्याला तीन-चार युनिट वीज, वीज डिझेलची, डिझेल बोटीतून. आमच्या तलावातलं पाणी कुठून येतं, त्याचं उत्तर सापडलं: टँकरनेच येतं, फक्त टँकरमध्ये डिझेल असतं.

"विहीर नाही?" मी विचारलं.

त्याने एक झाकण उचललं. हातभर खाली पाणी चमकत होतं. अशा बेटांच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रपातळीच्या वर त्याची जेवढी उंची, त्याच्या चाळीसपट खोल ते असतं, हा आमच्या पुस्तकातला गायबेन-हर्झबर्गचा नियम. पण एवढ्याशा बेटावर ती उंचीच वीतभर नसते. उपसा वाढला, की खालून खारं वर येतं आणि मग गोडं परत मिळवायला वर्षं जातात. मालेचं तेच झालं. १९८८ पासून राजधानी समुद्राचं पाणी गोडं करून पिते. २०१४ च्या डिसेंबरात तिथल्या प्लांटला आग लागली आणि लाखावर लोकांचे नळ कोरडे पडले. तेव्हा आपल्या हवाई दलाची विमानं पाण्याच्या बाटल्या घेऊन गेली आणि नौदलाच्या जहाजांनी समुद्रात उभं राहून पाणी तयार करून दिलं. त्या आठवड्यात आमच्या कार्यालयात दुसरा विषय नव्हता. आमच्यातला एक जण म्हणाला होता, "इथे रोटेशनने पाणी सोडतो म्हणून शिव्या खातो, तिथे सोडायलाच नाही."

त्या मल्याळी अभियंत्याशी मी लक्षद्वीपमधल्या कवरत्तीबद्दलही बोललो. तिथे २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने मेंब्रेन न वापरता प्लांट उभारला: पृष्ठभागाचं पाणी कोमट, शेकडो मीटर खालचं थंडगार, त्या फरकावर कमी दाबात वाफ करायची आणि गार करून घ्यायची. दिवसाला लाखभर लिटर. त्याने मान डोलावली. "पण सर, त्यांना पाणी फक्त प्यायला हवं असतं," तो म्हणाला आणि बनापलीकडच्या तलावांकडे त्याने हनुवटी उडवली.

निघताना त्याने फोनवर मुलीचा फोटो दाखवला. तिचा पहिला वाढदिवस त्याने इथून, पंपाच्या शेडच्या मागे उभं राहून पाहिला होता, कारण तिथे सिग्नल बरा लागतो.

ही गोष्ट मी खोलीवर येऊन सांगितली तेव्हा ही म्हणाली, "आपल्या खोलीवाल्याचीही दोन आहेत." खोली आवरणारा तरुण बांगलादेशचा, नोआखालीकडचा. त्याच्याशी हिची मैत्री टॉवेलांवरून झाली. तो रोज त्यांचे हंस बनवून पलंगावर ठेवायचा, आणि एवढ्या कामात हे कशाला, असं ही त्याला हिंदीत दटावायची. मी प्लांटवर असताना त्याने मुलाच्या वहीचे फोटो दाखवले होते. वजाबाकीची गणितं. आकडे बंगाली, म्हणून आधी त्याच्याकडून दहा आकडे शिकून घेतले. मग हिने पलंगाच्या कडेवर बसून एकेक गणित तपासलं. हातचा घेताना पोरगं दशक कमी करायला विसरत होतं. प्रत्येक गणितात तीच चूक. हिने हॉटेलच्या गुळगुळीत कागदावर काड्यांच्या जुड्या काढून दाखवल्या आणि तो कागद फोटो काढून नोआखालीला गेला. दुसऱ्या दिवशी पाचपैकी चार बरोबर. त्या संध्याकाळी पलंगावर हंसांच्या ऐवजी हत्ती होता.

पोरांना मज्जाव ही अट पाहुण्यांसाठी लिहिलेली. पण पाहुण्यांपेक्षा संख्येने जास्त असलेल्या या कामकऱ्यांचीही पोरं इथे नाहीत. त्यांच्यासाठी अट लिहावी लागली नाही एवढंच. माहितीपत्रकात 'अस्पर्श निसर्ग' असा शब्द पानोपानी होता. मला त्याचा राग येऊ लागला. रोज पहाटे, पाहुणे उठायच्या आत, दहा-बारा माणसं वाळूवरून दाताळी ओढून रात्रीची पानं आणि खेकड्यांच्या रेघोट्या पुसून टाकायची. इतका हात लावलेला निसर्ग मी दुसरीकडे पाहिलेला नाही, आणि तो हात कुशल होता. त्याचं नाव का लपवायचं?

वाळूचंही तेच. बेटाच्या एका बाजूला पाण्याखाली वाळूने भरलेल्या मोठ्या पिशव्यांची ओळ होती. नैर्ऋत्य मोसमात लाटा एका अंगाची वाळू उचलून दुसऱ्या अंगाला नेतात, ईशान्य मोसमात ती परत येते. बेट वर्षभर असं कूस बदलत असतं, पण एकदा त्याच्यावर खोल्या बांधल्या की त्याला बदलू देता येत नाही. मग पिशव्या, पंप, भर. आणि गंमत ही, की वाळूच्या या देशाला बांधकामाची वाळू भारतातून न्यावी लागते. २०२४-२५ साठी आपण नदीची १० लाख टन वाळू आणि तेवढीच खडी त्यांना मंजूर केली होती. स्वतःची वाळू म्हणजे प्रवाळाचा चुरा, खारट. ती उपसावी तर किनाराच जातो, आणि काँक्रीटमध्ये घालावी तर सळई खाते.

ही वाळू येते कुठून, ते मात्र मी कानाने ऐकलं. खोलीच्या शिडीवरून पाण्यात उतरायचं, मास्क लावून चेहरा बुडवायचा, की बारीक कडकड ऐकू येते. पोपटमासे प्रवाळाचा दगड चोचीने खरवडत असतात. निळे-हिरवे, हातभर लांब, पुढचे दात एकजीव होऊन खरोखरच चोच झालेली. एक मासा मी बराच वेळ नजरेत ठेवला. त्याने तीन-चार चावे घेतले, दगडावर पांढरे ओरखडे उमटले, मग तो थोडा पुढे गेला आणि शेपटीमागून पांढरा धूर सोडला. धूर खाली बसला. ती वाळू. प्रवाळावरचं शेवाळ पोटात ठेवून दगडाचं पीठ बाहेर. या बेटांवरच्या पांढऱ्या पुळणीचा मोठा भाग असा माशांच्या पोटातून आलेला आहे. ज्या वाळूत मेणबत्त्या लावून जोडप्यांना जेवायला बसवतात ती ही, हे मी हिला जेवण झाल्यावर सांगितलं.

प्रवाळ मात्र सगळीकडे धड नव्हता. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापला तेव्हा इथला बराच प्रवाळ पांढरा पडून मेला. काही भाग नव्याने भरतोय, काही नुसता राखाडी खच आहे. खोलीसमोर दोन्ही होते, हाताच्या अंतरावर.

श्रावण चालू होता. सोमवारी हिचा उपवास. जेवणघरात अन्नाची इतकी रेलचेल, की उपवास सांगायची मलाच लाज वाटत होती, हिला नाही. आचारी श्रीलंकेचा. त्याने शांतपणे विचारलं, काय चालतं? बटाटा, रताळं, शेंगदाणे, दूध, फळं. रताळं इथल्या लोकांच्या रोजच्या खाण्यातलं. त्याने ते नारळाच्या दुधात शिजवून वर जिरं घालून आणलं. मी तोवर मासहुनी खात होतो. कुस्करलेला ट्यूना, ओला नारळ, कांदा, मिरची, लिंबू आणि सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. रत्नागिरीचा माणूस ताटावरून उठणार नाही असा पदार्थ. पण तो बुफेच्या टोकाला, पास्त्याच्या पलीकडे, छोट्या भांड्यात ठेवलेला असे, आणि बहुतेक भांडं मीच संपवत असे.

हनिफारूला जायचं ठरलं ते बोटीच्या कप्तानामुळे. हा खास बा अ‍ॅटोलचा, साठीचा, पांढऱ्या मिशांचा. आभाळ भरून आलं होतं. मी विचारलं, पाऊस टिकेल का? तो म्हणाला, आत्ता 'मा' चालू आहे, दोन-तीन दिवस असंच. मग त्याने बोटांवर सांगायला सुरुवात केली: रोअनु, मियाहेली, अधा, फुनोस, फुस, अहुलिहा, मा. ही माझ्याकडे बघायला लागली आणि मी हिच्याकडे. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. तेरा-चौदा दिवसांचं एक, अशा सत्तावीस नक्षत्रांवर हे कोळी पाऊस, वारा आणि मासळी ठरवत आलेत. आमचे आजोबा सिन्नरकडे त्याच यादीवर पेरणी करत. मी सांगितलं, आमच्याकडेही आता मघाच. त्याला फारसं आश्चर्य वाटलं नाही. "पाऊस तुमच्याकडे इथूनच जातो," तो म्हणाला.

हनिफारू हा बा अ‍ॅटोलमधला छोटा, आंधळ्या गल्लीसारखा खाडीचा भाग. २०११ पासून हे सगळं कडं युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. नैर्ऋत्य मोसमात भरतीबरोबर प्लवक या गल्लीत लोटले जातात आणि अडकतात. मग ते खायला मांटा नावाचे भलेमोठे चपटे मासे येतात. पाणबुड्याची टाकी लावून उतरायला बंदी, फक्त स्नॉर्कल, मोजून पंचेचाळीस मिनिटं, सोबत वाटाड्या. मी गोदावरीत, म्हणजे आमच्या गंगेत पोहायला शिकलेला. हिने जाकीट घातलं आणि माझं मनगट धरलं.

पाणी गढूळ होतं, कारण गढूळ असल्याशिवाय मांटा येत नाहीत. आधी काही दिसेना. मग खालून एक काळी चौकट वर आली, तोंड उघडलेलं, आत पांढरं पोकळ दालन, दोन्ही गालांवर कल्ल्यांच्या पट्ट्या. पंखांचा पसारा आमच्या दोघांच्या उंचीच्या बेरजेएवढा. आमच्यापासून हातभरावर तिने पोट वर करून कोलांटी घेतली. पोटावर काळे ठिपके. ते प्रत्येकीचे वेगळे, त्यावरूनच अभ्यासक एकेकीची नोंद ठेवतात. मग दुसरी आली, तिच्यामागे तिसरी, एकीच्या शेपटीला दुसरी लागून. हिच्या नखांचे वण माझ्या मनगटावर उमटले.

मी तिच्या गाळणीकडे, म्हणजे कल्ल्यांकडे, बघत होतो. शहराच्या गाळणीची जन्मजात कटकट ही, की ती तुंबते. मग उलटं पाणी सोडून धुवा, तोवर पुरवठा बंद. मांटा दिवसभर गाळते आणि तिची गाळणी तुंबत नाही. २०१८ साली संशोधकांनी त्याचं कारण दाखवलं: कल्ल्यांवरच्या कंगोऱ्यांना आपटून अन्नाचे कण उसळतात आणि घशाकडे ढकलले जातात, भोकांत शिरतच नाहीत. पाणी तेवढं खाली निघून जातं. भोकांपेक्षा लहान कणसुद्धा असेच वेगळे होतात. गंगापूर रस्त्यावरच्या जलशुद्धीकरण केंद्रात मी वाळूच्या गाळण्या धुण्यात किती रात्री घालवल्या असतील, त्या सगळ्या तिथे तरंगताना आठवल्या. वाटाड्याने वेळ संपल्याची खूण केली तरी मी बाहेर येईना, तेव्हा हिने मनगट धरून ओढलं.

बिलाबद्दल थोडक्यात. मुलीने भरलेल्या पैशांखेरीज जे वरचं होतं, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क, त्यावर सतरा टक्के पर्यटन कर, आणि माणशी रात्रीला बारा डॉलर हरित कर. हा शेवटचा मी सगळ्यात आनंदाने भरला, कारण सांडपाण्याचा प्लांट मी बघितला होता. मी बक्षिसी ठेवायला गेलो तर हिने आधीच नोआखालीच्या वहीसाठी पाकीट करून ठेवलेलं.

परतीचं विमान रात्रीचं होतं आणि सी-प्लेन दिवसाचं, म्हणून मधले काही तास मालेत मिळाले. २०१८ साली झालेल्या पुलावरून टॅक्सीने दहा मिनिटांत शहर. दुचाक्या, हॉर्न, गच्च गल्ल्या, शाळा सुटलेली. पांढऱ्या गणवेशातल्या पोरींचा एक घोळका दप्तरं आपटत आमच्या अंगावरून गेला आणि ही थांबून बघत राहिली. १६५८ ची हुकुरू मशीद बाहेरून पाहिली. प्रवाळाचे दगड चुन्याशिवाय, खाचेत खाच बसवून रचलेले. सांध्यात नख शिरत नाही. मग एका हॉटेलात काळा चहा आणि गुल्हा, म्हणजे मासळी-नारळाचे तळलेले गोळे. हिला केळं.

बंदराजवळच्या बाजारात केळ्यांचे लोंगर टांगलेले, मिरच्या, पपया, नागवेलीची पानं, आणि एका गाळ्यात लाल जाळीच्या पोत्यांत कांदा. नाशिकच्या माणसाचे पाय तिथे थांबणारच. मी एक उचलून दाबून बघितला. उन्हाळ कांदा, पत्ती चांगली, टिकाऊ.

"कुठला?" मी विचारलं.

"इंडिया," गाळेवाला म्हणाला, आणि मी इंडियाचाच आहे हे कळल्यावर त्याने हिंदीत तक्रार मांडली. तुम्ही लोक मधेच निर्यात बंद करता. आम्हाला कोटा दिलात खरा, पण भाव बघा काय झाला.

मी म्हटलं, बंद शेतकरी करत नाही. भाव वाढला की दिल्लीहून बंदी येते आणि पडला की कुणी येत नाही. लासलगावला ट्रॅक्टर उभे असतात, लिलावात मिळालेल्या पैशांत वाहतूकही निघत नाही.

"तिथे मिळतं किती?"

मी किलोचा आकडा सांगितला. त्याने मनात रुफिया केले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या गाळेवाल्याला हाक मारून मला तो परत सांगायला लावला. आता दोघेही हिशोब करायला लागले: पोतं, बोटभाडं, सडका माल, गाळ्याचं भाडं. मीही खिशातून पेन काढलं. तोवर हिने विमानतळाची टॅक्सी थांबवली होती आणि सामान मागे टाकून ती दाराशी उभी होती.